बिनकिल्लीचं घड्याळ

"पण माई, ते आत अजून चालू असेल, तर?"

गोमतीमाईंनी सुपातून मान वर केली नाही. तांदळातला एक खडा नखानं उचलला आणि शेजारच्या वाटीत टाकला.

"काय चालू असेल?"

"घड्याळ. बाबांच्या हातातलं. मी दिलेलं."

"अस्सं."

एवढंच. रंगनाथ ओतारी करमाळ्याहून एस.टी.नं फाट्यापर्यंत आला होता आणि तिथून दोन कोस उन्हातून चालत मठात पोचला होता. तो काय हे "अस्सं" ऐकायला? पण माईंपुढे आवाज चढवायची त्याची छाती नव्हती. बारा वर्षांचा असताना त्यानं त्यांच्याकडूनच मंत्र घेतला होता. आता अडतिशी गाठली होती, कानांवर पांढरे केस आले होते, तरी माईंपुढे बसला की त्याची मांडी आपोआप आवळली जायची.

मठ सीना नदीच्या काठावर, पुरी गोसाव्यांचा. मठ म्हणायचं आपलं. दोन खोल्या, एक पडवी आणि मागं चिंचेखाली समाध्यांची ओळ. त्या ओळीतली शेवटची शिळा नवी होती. फाल्गुनात पुरीबाबा गेले. गोसाव्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना मांडी घालून खड्ड्यात बसवलं, भोवती मीठ भरलं, वर ही शिळा ठेवली. तेव्हापासून मठाचं सगळं माईंकडे. बाबांच्या त्या थोरल्या शिष्या. सत्तरी उलटलेली, पाठ मात्र ताठ.

आणि हा रंगनाथ. पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान, हात सोन्याचा. तालुक्यात कुणाचं घड्याळ कुणालाच जमलं नाही, की त्याच्याकडे यायचं. पण खरं सांगायचं तर हुशारी डोक्यात गेली होती. डोळ्याला लावलेलं भिंग काढून माणसांकडे बघायचं तो विसरलाच होता.

"तुला कुणी सांगितलं, चालू आहे म्हणून?" माईंनी विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? गेल्या गुरुवारी मीच मागल्या मागं, पडवीत न येता, कान लावून गेलो."

माईंचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा सुपात गेला.

त्याचं असं झालं होतं. दसऱ्याच्या सुमाराला वाडीतली एक धनगरीण समाधीवर डोकं टेकवायला गेली आणि उठेचना. आत ठोके पडताहेत, म्हणाली. मग दुसरीनं ऐकले, तिसऱ्यानं ऐकले. गावाला काय, सुतावरून स्वर्ग गाठायची सवयच असते. बाबांचं काळीज अजून चालू आहे, असं ठरूनही गेलं. गुरुवारी रांगा लागायला लागल्या. म्हातारी माणसं शिळेला कान लावायची आणि डोळे पुसत उठायची.

ही बातमी दुकानात आली तेव्हा रंगनाथ पोट धरून हसला. बाबांचं काळीज कसलं, माझं घड्याळ असेल ते, म्हणाला. गिऱ्हाईकही हसलं.

रात्री मात्र त्याला झोप आली नाही.

कारण घड्याळ चालू असायला नकोच होतं.

आता हे घड्याळ कसलं, ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. ट्रान्झिस्टर रेडिओ नुकते कुठं तालुक्याच्या गावी दिसायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. परदेशात सेलवर चालणारं मनगटी घड्याळ निघालंय, असं रंगनाथनं एका मासिकात वाचलं. झालं, खूळ शिरलं डोक्यात. साध्या घड्याळात आपण किल्ली देतो, स्प्रिंग आवळली जाते आणि ती उलगडता उलगडता बॅलन्सच्या चाकाला धक्के देत राहते. चाक डुलतं आणि काटे चालतात. स्प्रिंगच काढून टाकली तर धक्का कोण देणार? सेल देणार.

पहिल्यांदा त्यानं केसाहून बारीक तार लावली. चाक डुललं की तार टेकायची, वीज यायची, धक्का बसायचा. पण दर टेकण्याला एक ठिणगी. ठिणगीनं तार काळी पडायची आणि पंधरा दिवसांत सगळं ठप्प. दीड वर्ष तो त्या ठिणगीशी भांडला. मग एक दिवस चांगला चालता रेडिओ फोडून त्यानं त्यातला ट्रान्झिस्टर काढला. बायको रडली, कारण रेडिओ तिच्या भावानं दिलेला.

पण घड्याळ चाललं. आता कशाला काही टेकायचंच नव्हतं. चाकावर इवलंसं लोहचुंबक, खाली तारेचं वेटोळं. चुंबक वरून जाताना वेटोळ्याला नुसती चाहूल लागायची आणि ते धक्का द्यायचं. स्पर्श नाही, ठिणगी नाही. धक्का फक्त जाताना, येताना चाक आपलं आपण यायचं. त्यामुळे आवाज लंगडा. एक ठोका जड, एक हलका. सेल पुरावा म्हणून चालही सावकाश ठेवलेली, साध्या घड्याळाच्या निम्मी. सेल बहिऱ्यांच्या कानयंत्राचा, मुंबईहून मागवलेला. एका सेलवर वर्षभर चालेल, असा त्याचा हिशेब होता.

गुरुपौर्णिमेला भरल्या मठात त्यानं ते बाबांपुढे ठेवलं.

"किल्ली कुठाय याची?" बाबांनी उलटंपालटं करून विचारलं.

"किल्ली नाही बाबा."

"मग चालवतं कोण?"

"कुणी लागतच नाही. तीच तर गंमत आहे. ठेवून दिलं तरी आपलं आपण चालतं."

बाबा हसले. हात पुढे करून म्हणाले, "बांध."

त्या दिवसापासून घड्याळ त्यांच्या हातातून निघालं नाही. नदीवर आंघोळ करायचे तीसुद्धा डावा हात वर धरून. पोरं हसायची, बाबाही हसायचे. रंगनाथच्या कानावर हे आलं की त्याची छाती दोन इंच फुगायची.

"गुरुपौर्णिमेला बांधलं, माई," आता तो बोटांवर मोजत म्हणाला. "त्याला झाले सोळा महिने. सेल वर्षाचा. वर नऊ पोती मीठ. मिठात तांब्याची तार काय टिकते? महिन्याभरात हिरवी होऊन तुटायला पाहिजे."

"मग?"

"मग मी कान लावला. जड, हलका… जड, हलका. आपल्या हातचा ठोका मी हजारांत ओळखीन. माझंच आहे ते."

"भ्यालास?"

खोटं बोलायचं त्याच्या ओठावर आलं होतं. पण समोर माई होत्या.

"भ्यालो," तो म्हणाला.

"आणि तरी आलास."

"यावंच लागलं."

त्यानं खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं. एका मोठ्या घड्याळ कंपनीचं होतं. येत्या गुरुवारी त्यांचा साहेब सोलापुरात यायचा होता. तुम्ही लिहिता तसं घड्याळ खरोखर चालत असेल तर घेऊन या, आम्ही ते उघडून पाहू, पटलं तर तुम्हाला कारखान्यात घेऊ आणि नमुन्याला तुमचं नाव देऊ, असं लिहिलं होतं. पत्र इतक्या वेळा उघडलं होतं, की घडीवर फाटायला आलं होतं.

"मग दुसरं बनव आणि दाखव," माई म्हणाल्या.

"सहा बनवली. तीच तार, तेच वेढे, तसाच ट्रान्झिस्टर. सकाळी चालू करावं, दिवेलागणीला बंद. एकही रात्र काढत नाही."

"मग पहिलं कसं चाललं?"

"तेच तर कळत नाही, माई." त्यानं पत्राची घडी पुन्हा घातली. "सात वर्षं घातली मी यात. दुकानाकडे बघितलं नाही, पोरीच्या लग्नाचं बघितलं नाही. बायको आता बोलतसुद्धा नाही, नुसतं ताट सरकवते. गुरुवारी रिकाम्या हातानं गेलो, तर उरलेला जन्म लोकांच्या घड्याळांना काटे बसवत काढायचा. मला ते घड्याळ पाहिजे. एकदा शिळा उचलू द्या."

"बाबांच्या हातातून काढायचं."

"माझंच आहे ते… म्हणजे, मी दिलेलं."

"दिलं, मग तुझं कसं राहिलं?"

पडवीत एक कोंबडी आली, सांडलेले चार दाणे टिपून निघून गेली.

"बाबा गेले त्या दिवशी तू कुठं होतास रे, रंगा?"

हा प्रश्न येणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच तो आठ महिने मठाची पायरी चढला नव्हता.

"दुकानात होतो."

"निरोप पोचला होता."

"पोचला होता. मी दुसऱ्या घड्याळाची कॉइल गुंडाळत होतो. तीन हजार वेढे असतात, माई. मध्येच हात काढला की तार ढिली पडते, सगळं पहिल्यापासून. निरोप्याला म्हटलं, हा एवढा वेढा झाला की निघतो…"

"झाला का वेढा?"

"झाला."

"चालली का ती?"

"नाही."

माई त्याला रागं भरल्या नाहीत. रागं भरल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. तांदळाचा मोठा पत्र्याचा डबा ओढत बाहेर आणला. झाकण काढून कोपरापर्यंत हात आत घातला, थोडं चाचपडल्या आणि तळातून एक फडक्याची गाठ वर काढली.

"त्या दिवशी आला असतास, तर एवढं चालावं लागलं नसतं. आमच्यात अंगावर काही ठेवत नाहीत. गळ्यातली माळसुद्धा काढतात. घड्याळ कुठलं ठेवायला?"

गाठ सुटली. आत घड्याळ होतं.

तेच. काचेच्या कडेला त्याच्याच चिमट्याचा ओरखडा, तोच तपकिरी पट्टा. काटे साडेपाचावर उभे.

रंगनाथनं ते उचललं. गार होतं. किती वेळ तो नुसता बघत बसला. मग त्याच्यातला घड्याळजी जागा झाला. पिशवीतून भिंग काढलं, चिमटा काढला, नवा सेल काढला. पडवीच्या कडेला उजेडात बसून त्यानं मागचं झाकण उघडलं. आत कुठं गंज नाही, ओल नाही, तार शाबूत. तांदळानं ते कोरडंठाक ठेवलं होतं. नवा सेल घातला आणि मनगटाला हलकासा झटका दिला.

काही नाही.

पुन्हा झटका दिला. फुंकर मारली. चाक दोनदा डुललं आणि निमूट थांबलं. पुन्हा उघडलं. सेल काढला, जिभेच्या टोकाला लावून बघितला. जिभेला झिणझिणलं. म्हणजे सेल चांगला. बालकमान, म्हणजे चाकाची केसाएवढी स्प्रिंग, सरळ, चाक मोकळं. बिघाड म्हणून कुठं दाखवायला नव्हता.

आणि मग त्याच्या लक्षात आलं.

"माई. घड्याळ इथं आहे."

"आहे की."

"मग मी गुरुवारी आत काय ऐकलं?"

"मला काय विचारतोस? घड्याळजी तू."

तो उठला. चिंचेखाली गेला. दुपारचे तीनसुद्धा वाजले नव्हते, उन्हाचा कडाका होता. तरी शिळेवर झुकलेल्या फांदीची पानं मिटलेली होती. चिंच दिवस मावळल्यावर पानं मिटते. बाकीच्या सगळ्या फांद्यांची पानं उघडीच होती.

त्यानं गुडघे टेकले, शिळेला कान लावला.

जड, हलका. जड, हलका.

त्यानं झटकन डोकं उचललं. मग पुन्हा लावलं. ठोके तसेच, कुठे घाई नाही, कुठे चुकणं नाही. घड्याळजी माणूस मोठा संशयी. भुताला भेटला तरी आधी त्याचं मागचं झाकण उघडून बघेल. रंगनाथनं पिशवीतून छोटं होकायंत्र काढलं. घड्याळात लोहचुंबक शिरलंय का, हे बघायला ते लागतं. त्यानं ते शिळेच्या मधोमध ठेवलं. सुई डुलली आणि उत्तरेला जाऊन थांबली. बरं वाटलं त्याला.

मग सुईनं अंग झटकलं. एकदा जोरात, एकदा हलकं. एकदा जोरात, एकदा हलकं…

होकायंत्र उचलताना त्याच्या हातातलं घड्याळ शिळेला टेकलं, आणि चालू झालं.

मरतुकडं नाही, चांगलं भरदार चालू झालं. चाक पूर्ण डुलत होतं. त्यानं ते वीतभर वर उचललं. थांबलं. खाली ठेवलं. चाललं. उचललं. थांबलं. असं त्यानं किती वेळा केलं, देव जाणे. शेवटी त्यानं ते छातीशी धरलं आणि तसाच पडवीत आला. चेहरा राखेसारखा झाला होता.

"पाणी पी," माई म्हणाल्या.

तो प्यायला. अर्धं सदऱ्यावर सांडलं.

"आत काय आहे, माई?"

"मीठ."

"आणि?"

"बाबा."

"मग घड्याळ चालवतं कोण?"

"कुणी लागत नाही म्हणाला होतास ना? भरल्या सभेत?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारलेल्या घड्याळाच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आणि लाज वाटली ती याची नव्हे. आपल्याला अजूनही ते घड्याळ हवंच आहे, याची वाटली.

तो म्हणाला, "मी साहेबालाच इथं आणतो. शिळेवर ठेवून दाखवतो."

"आण की. आणि मग साहेब शिळा उचलून कारखान्यात नेईल का रे?"

तो हसला नाही. दोन्ही हातांत डोकं धरून बसला. ऊन पडवीच्या खांबावरून खाली उतरलं. माईंनी सुपातला निवडलेला तांदूळ डब्यात ओतला आणि नवा काढून घेतला.

"रंगा."

"हं."

"तुला घड्याळ पाहिजे, का चालतं घड्याळ पाहिजे?"

"चालतं."

"एकदा विचार कर."

"सात वर्षं दुसरा विचार केला नाही, माई."

"मग नंतर मला बोल लावायचा नाही."

"नाही लावणार. तुमची शपथ."

माईंनी सूप बाजूला सारलं.

"हात पुढे कर."

त्यानं डावा हात पुढे केला. माईंनी घड्याळ त्याच्या मनगटावर ठेवलं, पट्टा ओढला आणि बक्कल लावली. त्यांची बोटं कोरडी आणि थंडगार होती. बक्कल लागली आणि घड्याळ चालू झालं.

जड, हलका. जड, हलका.

रंगनाथ बघतच राहिला. मग उठून अंगणात गेला. चालू. फाटकापर्यंत गेला, तरी चालू. धावत नदीवर गेला, हात पाण्यावर धरला, डोक्यावर धरला, पाठीमागं नेला. चालूच. काठावरच्या खडकावर बसून तो ढसाढसा रडला. कपडे धुणारी एक बाई त्याच्याकडे बघत राहिली. गुरुवार जिंकला होता त्यानं. सोलापूर, साहेब, कारखाना, सगळं. घरी जाऊन बायकोला काय सांगायचं, ते शब्दसुद्धा त्यानं जुळवून ठेवले.

परत येताना तो समाधीपाशी थांबला. आभार मानावेत असं त्याला वाटलं. शिळेला डोकं टेकवलं आणि सवयीनं कान लावला.

आत काही नव्हतं. नुसता दगड.

त्यानं मनगट लांब धरलं, श्वास रोखून ऐकलं. दगडच. वर बघितलं, तर फांदीची पानं उघडली होती.

"आतलं थांबलं, माई," पडवीत येऊन तो हळूच म्हणाला.

"थांबणारच."

"गुरुवारी लोक येतील. कान लावतील…"

"त्यांचं मी बघीन. तुझा गुरुवार तू बघ."

त्याला वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसांचे पुसलेले डोळे आठवले. पण मन मोठं चलाख असतं. क्षणभर वाईट वाटून घेतलं आणि लगेच सोलापूरला गेलं.

"साहेब आधी मागचं झाकण उघडायला सांगेल," तो म्हणाला. "हातात घेऊन बघितल्याशिवाय ती माणसं विश्वास ठेवत नाहीत. जायच्या आधी मीच एकदा आत बघून घेतो, काय बदललंय ते."

त्यानं उजव्या हाताची बोटं मनगटाखाली, बक्कलवर नेली. तिथं त्याला आपली नाडी लागली.

जड… हलका.

त्याला गंमत वाटली. नाडी आणि घड्याळ एकाच चालीनं. होतं असं कधी कधी. दुकानात दोन घड्याळं शेजारी टांगली, की घटकाभर बरोबर चालतात आणि मग फारकत घेतात. कितीही चांगली असोत, कधीच पुरतं जमत नाही त्यांचं. हे त्याला पंचवीस वर्षांच्या धंद्यानं शिकवलं होतं. आताही चुकतील, म्हणून तो थांबला.

शंभर मोजले. दोनशे मोजले.

चुकले नाहीत.

बक्कलची जीभ अर्धी बाहेर आली होती. त्याचं बोट तिथंच राहिलं.

"माई…"

"काय रे?"

"हे तुम्ही बाबांच्या हातातून कधी सोडलंत?"

"एकादशीला. पहाटे."

"म्हणजे… शेवटची आंघोळ घालताना."

"छे. आंघोळ मागाहून."

"मग?"

माईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. चार बोटांनी तांदूळ पसरला.

"चांगले बसले होते की. घोटभर चहासुद्धा घेतला. म्हणाले, गोमती, दमलो बघ आता. एवढं हे सोड."

रंगनाथ हलला नाही.

"आणि तुम्ही सोडलंत."

"सोडलं."

"मग काय झालं, माई?"

माईंनी एक खडा उचलला, उजेडात धरून बघितला आणि वाटीत टाकला.

"मग काय… वाडीत निरोप धाडला, खणायला चार माणसं या म्हणून."